अदबीची हाक

युनूस मिस्त्री गेल्याचं शेटजींनी मला सांगितलं, तेव्हा मी पेरू देशात पाठवायच्या सुट्या भागांची यादी टाइप करत होते. "मिस्त्री गेले पहाटे. झोपेतच," एवढं बोलून शेटजी दारात उभे राहिले. मी "हो का" म्हटलं आणि पुढची ओळ टाइप केली. यादी पुरी केली, तपासली, पाठवली, मग खुर्चीतून उठले. मय्यतीला बायका जात नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन चाचीजवळ, त्यांच्या बायकोजवळ, तासभर बसून आले. तिथंही डोळ्यांत पाणी आलं नाही. चाचीनं चहा दिला, तो प्याले आणि साखर जास्त झालीय हे माझ्या लक्षात आलं. याला आता आठ महिने होतील. मला काहीतरी व्हायला हवं होतं, ते अजून झालेलं नाही, म्हणून लिहून पाहते आहे.

दिग्रसला आमच्या शेटजींचा कारखाना आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायच्या, झिजलेले रोलर नवे करून द्यायचे, हे मुख्य काम. नागपूरच्या एका व्यापाऱ्यामार्फत आमच्या काही मशिनी पेरूत गेल्या. तिथंही कापूस होतो. मशिनींबरोबर त्या बसवून देणारा फिटर लागतो, आणि आमच्याकडे युनूस मिस्त्रींसारखा दुसरा फिटर नव्हता. ते दोनदा गेले, मिळून तीन वर्षं राहिले. चाचीला शेजारणी विचारायच्या, "मिस्त्री पेरूच्या बगिच्यात गेले काय?" चाची म्हणे, "हो, पाडाले लागल्यावर येतीन."

मिस्त्री आले ते स्पॅनिश बोलत आले. वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. मशीनपाशी उभं राहून कानांनी उचललेली भाषा. अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, खिशाला ग्रीसचे डाग पडलेला खाकी शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांची एक सवय नव्या माणसाला चमत्कारिक वाटायची. कुणी समोर आलं की ते लगेच बोलत नसत. आधी त्या माणसाला चपलेपासून डोक्यापर्यंत बघून घेत, आणि मग तोंड उघडत. मी कारखान्यात लागले त्या दिवशी माझ्याकडेही असंच पाहिलं. मला राग आला. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाई, मॅडम," ते म्हणाले. "पहिले माणूस पाहाचा, मंग शब्द काढाचा. तुमाले मॅडम म्हनाचं का ताई म्हनाचं, ते पाहून राह्यलो होतो."

"मग काय ठरलं?"

"सध्या मॅडम. पुढचं पुढं."

माझं काम पत्रव्यवहाराचं. पेरूहून ईमेल यायचे ते स्पॅनिशमध्ये. मी मोबाइलवर त्यांचा तर्जुमा करायची, इंग्रजीत उत्तर लिहायची, आणि मोबाइलकडूनच त्याचं स्पॅनिश करून पाठवायची. सुरळीत चाललंय असं मला वाटत होतं. तिकडच्या गिरणीत खरेदी बघणारी मारिसोल नावाची बाई होती. तिच्याशी चार-पाच पत्रं झाल्यावर मी जरा मोकळेपणानं लिहिलं, मैत्रिणीला लिहावं तसं. त्यानंतर तिचं उत्तरच येईना. पंधरा दिवस गेले. शेटजी रोज विचारायचे. शेवटी मी ते पत्र मिस्त्रींना वाचून दाखवलं. मोबाइलनं त्याचं जे काही स्पॅनिश केलं होतं ते ऐकून मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, तुमी या बाईले कधी पाह्यलं?"

"नाही."

"तिचं शिक्षण?"

"इंजिनीअर आहे, सहीत लिहिते."

"मंग तिले गल्लीतल्या पोरीसारखं काहून बोलावून राह्यल्या तुमी? तिकडं शिकलेल्या बाईले इन्खेनिएरा म्हना लागते. नाव नंतर. आपल्या इथं डॉक्टरले नुसतं 'ए सुरेश' म्हनता का?"

त्यांनी तोंडी सांगितलं, मी लिहिलं. सन्माननीय इन्खेनिएरा, इथून सुरुवात. पत्र इतकं अदबीचं झालं की मला ते लग्नपत्रिकेसारखं वाटायला लागलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आणि ऑर्डरही आली. शेटजींनी श्रेय मला दिलं आणि मी ते घेतलं.

त्यानंतर दुपारच्या चहाला मिस्त्री माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर येऊन बसू लागले. मला स्पॅनिश शिकवायचे म्हणजे फक्त माणसांचे शब्द शिकवायचे. क्रियापदं विचारली की म्हणायचे, "ते मोबाइल पाहून घेते. माणूस मोबाइलले दिसत नाई." अनोळखी पुरुष सेन्योर. तरुण पोरगा, नाव माहीत नसलं तर खोवेन. लहान पोट्टा चिबोलो, पण त्याच्या मायसमोर म्हणायचं नाही. जिवलग दोस्त पाता. हाताचं काम जाणणारा कुणीही, सुतार असो, गवंडी असो, ड्रायव्हर असो, तो माएस्त्रो. मिस्त्रींना तिकडे सुरुवातीला सगळे इंजिनीअर म्हणत. यांनी ते चालू दिलं नाही. "मी त्याहिले सांगितलं, मले माएस्त्रो म्हना. मिस्त्रीले मिस्त्रीच म्हना लागते. दुसऱ्याची टोपी कायले घालू?"

मोठ्या माणसाशी उस्तेद आणि बरोबरीच्याशी तू. त्यांचा तू आणि आपला तू एकच, हे कळल्यावर मला गंमत वाटली. मिस्त्रींना मात्र त्या शब्दाची धास्ती वाटे. ते घरी बायकोलाही 'आप' म्हणणारे. शाळेत जाणाऱ्या नातवाला 'आप'. कारखान्यात झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला 'आप'. 'तू' फक्त हाताखाली शिकणाऱ्या पोरांना. कारखान्यातली पोरं मागून त्यांना लखनौचे नवाब म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

सगळ्यात आवडता शब्द त्यांनी मला उशिरा सांगितला. नावाच्या आधी लावायचा 'दोन'. मी हसले, म्हटलं, "मग तीन कुणाला म्हणायचं?" ते हसले नाहीत. "सेन्योर म्हंजे साहेब. तो दूरचा. दोन म्हंजे आपल्या 'जी'सारखं. मानबी आहे, आन घरचाबी आहे. असा शब्द सगळ्याले नाई देत कोनी. कमवा लागते." मग चहाचा कप खाली ठेवून उठून गेले. त्यांच्या कपात अर्धा चहा तसाच होता.

बाजारातलं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पेरूत म्हणे भाजीवाली गिऱ्हाइकाला कासेरा म्हणते आणि गिऱ्हाइकही भाजीवालीला कासेराच म्हणतं, दोघांना एकच शब्द. हे मिस्त्रींना फार पटलं होतं. दिग्रसच्या आठवडी बाजारात जवळच्या तांड्यावरची एक बंजारा बाई कांदे घेऊन बसायची. मिस्त्री आधी तिला याडी म्हणत, म्हणजे तिच्या बोलीत आई. एक दिवस त्यांनी तिला कासेरा शिकवला. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून फक्त यांनाच नाही तर कांदे घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला कासेरा म्हणू लागली. तलाठी कांदे घ्यायला आला, त्यालाही म्हणाली. तलाठ्यानं मला विचारलं, "ही बाई मले शिव्या देते का हो?" मी म्हटलं, "नाही, गिऱ्हाईक म्हणते." त्याला पटलेलं दिसलं नाही.

नंतर मिस्त्रींचं वय झालं आणि पेरूला जायची पाळी गजाननवर आली. गजानन दारव्ह्याकडचा, चांगला फिटर, तिशीचा. तिकडे उतरल्यावर गिरणीचे मालक स्वतः भेटायला आले, पासष्टीचे, सूट घातलेले. गजाननला मिस्त्रींनी येता-जाता दहा-बारा शब्द सांगितले होते, त्यातला तीओ म्हणजे काका हे त्याच्या लक्षात राहिलं होतं. आपल्याकडे कंडक्टरला काका, बँकेतल्या शिपायाला काका, त्यात मानच आहे. गजाननानं वाकून मालकाला तीओ म्हटलं. तिकडे अनोळखी मालकाला तीओ म्हणणं म्हणजे पानठेल्यावर उभ्या माणसानं 'काय बे काक्या' म्हणावं तसं. मालक दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. गजाननानं मिस्त्रींना फोन केला, "चाचा, मी तं काका म्हटलं त्याले. त्यानं तोंड काहून फिरवलं?" मिस्त्री म्हणाले, "काका दारव्ह्याले ठेव. तिकडं सेन्योर."

त्यावरून शेटजींनी ठरवलं की पाठवायच्या फिटरांना मिस्त्रींनी रीतसर शिकवावं. रविवारी सकाळी, शेडमध्ये. गजानन परत आला होता, तो आणि आणखी चौघं. पहिल्या रविवारी मी महिनाअखेरीच्या कामासाठी आले होते. अर्ध्या तासात शेडमधून ओरडण्याचा आवाज यायला लागला. भांडण लागलं असं वाटून मी धावत गेले.

भांडण नव्हतं. मिस्त्री बंद मशीनच्या रोलरवर हात ठेवून उभे होते आणि गजानन दहा फुटांवर. मिस्त्री म्हणत होते, "ओरड. साका ला मानो. हात काढ. ओरड माझ्यावर."

गजानन म्हणाला, "चाचा, साका ला..."

"चाचा नाई. चाचा म्हनाले टाइम नाई. तू म्हन. ए म्हन."

"जीभ रेटत नाई, चाचा."

"रेट."

पाचही जण धट्टेकट्टे, एरवी एकमेकांना आईबापांवरून बोलणारे. पण मिस्त्रींच्या समोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. अकरा वाजेपर्यंत हेच चाललं. कुणाला नमस्कार शिकवला नाही, कुणाला आकडे शिकवले नाहीत. शेवटी गजानन ओरडला, मोठ्यानं, आणि ओरडल्यावर त्यानं दोन्ही कान पकडले. मिस्त्रींनी त्याचे हात कानांवरून काढले. "माफी कायले मांगतो? पुन्हा." पुढचे कितीतरी रविवार तास असाच सुरू व्हायचा. आधी ओरडणं, मग सेन्योर, दोन, उस्तेद. जन्मभर अदब सांभाळलेला हा माणूस आठवड्यातून एक दिवस पोरांकडून स्वतःला अरे-तुरे करवून घेतो, याचं सगळ्यांना नवल वाटे. मला वाटलं, म्हातारपणाचं वेड.

कारण त्यांनी मला पावसाळ्यातल्या एका दुपारी सांगितलं. तोपर्यंत मी मॅडमची ताई झाले होते आणि मीही त्यांना चाचा म्हणू लागले होते.

"म्हातारा होता, ताई. माझ्या अब्बाच्या वयाचा. एलादियो नाव. जनम त्याच गिरनीत गेला त्याचा. पोट्टे त्याले 'ए तीओ' म्हनत, 'ए म्हाताऱ्या' म्हनत. मले कसंतरी वाटे. मी त्याले दोन एलादियो म्हनत होतो. माझी दुसरी फेरी होती, शेवटचा महिना. त्या दिवशी रोलरपाशी रुई अडकली. मोटर चालू. म्हाताऱ्यानं हात घातला. मी या खिडकीपासून त्या दरवाज्याइतका दूर. मले दिसलं. तोंडातून 'ए' निघाले पाह्यजे होतं. नाई निघालं. बापाच्या वयाच्या मानसाले ए म्हनाची सवयच नाई या जिभेले. मी म्हटलं, 'दोन एलादियो, माफ करा, उस्तेद...' एवढं पुरं बोललो मी. त्यानं मान वळवली. माझ्याकडं पाह्यलं. हात तिथंच होता."

उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. दवाखान्यात गेलतो मी. त्याची बायको होती, पोरगी होती. मी उभा राह्यलो, आन आलो. पंधरा दिवसांनी माझा टाइम भरला, इकडं आलो."

या गोष्टीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मिस्त्रींचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी त्या दिवशी मला सरळ सांगितला. म्हाताऱ्यानं मान वळवली ती यांच्या हाकेमुळे, की दुसऱ्या कशामुळे? जिनिंग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय त्याच वेळी मिस्त्रींच्या मागच्या दारातून मुकादम आत येत होता. "त्याले पाहाले वळला असंन तं माझा गुन्हा नाई. तो तसाबी वळलाच असता. पन माझ्या हाकेनं वळला असंन, तं मीच कापली ना त्याची बोटं. मी मान दिला, त्यानं मानाले मान दिला, आन हात तिथंच राह्यला." चाची त्यांना सांगायची, इतक्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार. मशिदीतल्या मौलानांनीही तेच सांगितलं होतं. मी पण तेच सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असंन."

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना ऐकू कमी यायला लागलं. आधी आम्हाला वाटलं लक्ष नसतं. मग यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात आले ते हातात जिलेबीचा पुडा घेऊन. आधी मला दिली, मग शेटजींना, मग शेडमध्ये सगळ्यांना वाटली. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "चाचा, काय आहे आज?"

"बहिरा झालो, बेटा," ते म्हणाले. बेटा म्हणण्याची ही पहिली वेळ. "डॉक्टरनं मशीन लावून पाह्यलं, कागद काढून देला. म्हने जिनिंगच्या आवाजानं कान गेले, तीस वर्साचा आवाज आहे. मी इचारलं, डॉक्टरसाहेब, असा मानूस चालू मशीनमंधी दहा फुटावरची हाक ऐकू शकते का? म्हने, शक्यच नाई. मले तीस वर्सं झाले तं मी बहिरा. दोन एलादियोले तं चाळीस झाले होते."

बहिरेपणाची जिलेबी वाटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी दोन तुकडे जास्तीचे घेतले. पुढचे काही महिने ते खरोखर हलके झाले होते. शेडमध्ये पोरांची चेष्टा करायचे. रविवारच्या तासाला कुणी पुरेसं मोठ्यानं ओरडलं नाही की स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून म्हणायचे, "आता तं खरंच ओरडा लागते, बे."

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण माणसाला जवळजवळ खात्री झाली की ती पुरी करून घ्यावीशी वाटते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस ते स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, "त्या इन्खेनिएराले लिहून दोन एलादियोचा पत्ता काढता येते का?"

मी मारिसोलला लिहिलं. आता ती आणि मी बऱ्यापैकी ओळखीच्या झालो होतो, तरी पत्राची सुरुवात मी इन्खेनिएरानंच करते. तिनं आठवड्याभरात शोधून दिलं. म्हातारा जिवंत होता, ऐंशीच्या पुढचा, मुलीकडे राहत होता. मुलीचा नंबरही पाठवला.

निरोप मिस्त्रींनी सांगितला, मी लिहिला. तब्येत कशी आहे, घरची कशी आहेत, आणि मग तो प्रश्न: त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारली होती, ती तुमच्यापर्यंत आली होती का? बस, एवढंच. मी विचारलं, "चाचा, माफी मागायची नाही?"

"पहिले गुन्हा आहे का नाई ते तं समजू दे. बिनागुन्ह्याची माफी मांगली तं त्याले वाटंन मीच केलं."

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी मिस्त्री ऑफिसच्या दारात यायचे, काही विचारायचे नाहीत, मी मान हलवली की जायचे. सोळाव्या दिवशी पाचच्या सुमारास, तिकडे सकाळ असते तेव्हा, मुलीच्या नंबरवरून आवाजाचा निरोप आला. म्हातारा स्वतः बोलला होता. मिस्त्री समोरच बसले होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला, त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि मान हलवली. "नुसती घरघर येते. तू ऐक आन सांग."

मी कानात वायर घालून दोनदा ऐकलं. म्हातारा सावकाश बोलत होता, आणि इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारामुळे मला जवळजवळ सगळं कळलं. जे कळलं नाही ते मुलीनं खाली लिहून पाठवलं होतं. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं, एकेक वाक्य सांगू लागले.

"म्हणतात, मला ऐकू कमी येतं. तेव्हाही कमीच येत होतं. गिरणीत कोण काय बोलतं ते मला कळत नसे."

मिस्त्रींनी डोळे मिटले. ओठ हलले, काहीतरी पुटपुटले, बहुतेक अल्लाचे आभार मानले असावेत.

पुढं अजून होतं. मला थांबता आलं असतं. समोरच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, आणि जे हवं होतं ते मिळालं होतं. मी आजही तो क्षण पुनःपुन्हा आठवते, आणि मला आठवतं ते एवढंच की मी थांबायचं का, असा विचारच माझ्या डोक्यात आला नाही. मी पत्रव्यवहार बघणारी बाई. आलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायची मला सवय आहे.

"म्हणतात, पण तुमची हाक मला आली. त्या गिरणीत चाळीस वर्षांत कुणी मला दोन म्हटलं नाही. तुम्ही एकटे म्हणायचे. ती हाक मला कितीही आवाजात ऐकू आली असती. म्हणतात, अशी हाक आल्यावर न वळणं मला जमलं नसतं. तुमचा मी आभारी आहे. हाताची सवय झाली. देव तुम्हाला सुखात ठेवो."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "पुन्हा सांग," म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. तितक्याच मोठ्यानं. शेडमधून दोघं जण काय चाललंय ते बघून गेले.

"म्हंजे आली होती."

"हो, चाचा."

"वळला तो त्या हाकेनंच."

मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं आता ते रडतील, किंवा काही बोलतील. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "ते रागावलेले नाहीत, चाचा. आभार मानताहेत." त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. मोठ्यानं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मग म्हणाले, "लिही. जवाब लिही." मी टाइप करायला बसले. "दोन एलादियो. तुमचा जवाब भेटला. तब्येतीले जपा. पोरीले आमची दुवा सांगा. आमच्या घरून तुमच्या घराले सलाम." थोडं थांबले. "माफ करा, असं लिही. कायची माफी ते लिहू नको, ते समजतीन."

मी लिहिलं. ते स्क्रीनकडे बघत होते, त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"सगळं अदबीनंच लिहिलं ना, बेटा?"

मी हो म्हटलं, आणि पाठवून दिलं.

दिवेलागणीची, मगरिबची अजान झाली. ती त्यांना ऐकू आली नसणार, पण वेळ ठाऊक होती. ते उठले, बाहेरच्या नळावर जाऊन नमाजाआधीचं वजू करायला बसले. त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. बरं वाटत नाही असा निरोप यायचा, मी उद्या जाते, परवा जाते करत राहिले, आणि मग शेटजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं आहे ते नळावरचं. शेडमधले दोघं तिघं आले, हातपाय धुऊन मशिदीकडे गेलेही. मिस्त्री उकिडवे बसून हात धूत होते. एकेका बोटाच्या फटीतून पाणी सोडायचे, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचे. मी ऑफिसचं कुलूप हातात घेऊन थोडा वेळ थांबले. मग त्यांना हाक न मारताच कुलूप लावलं आणि घरी गेले.